नऊ विजयांची किंमत

शुक्रवार, २८ नोव्हेंबर २००३. कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने यजमानांना ३१-२२ असं हरवलं. नियमित हंगामातला हा शेवटचा सामना. बारांपैकी नऊ जिंकले, तीन हरले, एवढा हिशेब घेऊन मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच विद्यापीठाच्या गावी, लिंकनला परतले आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्यांची नोकरी गेली.

सोलिच काही बाहेरून आलेले नव्हते. साठच्या दशकात ते याच विद्यापीठाकडून खेळले, १९७९ पासून इथेच प्रशिक्षक होते आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा हंगामांत त्यांच्या नावावर ५८ विजय आणि १९ पराभव होते. क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी पत्रकारांना कारण सांगितलं, त्याचा मथितार्थ असा: या संघाला आम्ही सामान्यपणाकडे घसरू देणार नाही, आणि आपण खेळतो तो विद्यापीठांचा गट ओक्लाहोमा-टेक्सासच्या हवाली करून स्वस्थ बसणार नाही.

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत नऊ विजय मिळवणाऱ्या प्रशिक्षकाला पगारवाढ मिळते. खुद्द नेब्रास्कात सोलिच यांच्या आधीच्या प्रशिक्षकाने दर वर्षी किमान नऊ सामने जिंकत पंचवीस हंगाम काढले होते, आणि त्यातले पहिले एकवीस राष्ट्रीय विजेतेपदाविना. त्याच गावात, त्याच मैदानावर, त्याच आकड्याचा भाव मधल्या काळात इतका कसा उतरला, याची ही गोष्ट आहे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे कोल्हापूर-गोव्यात खेळतात तो नव्हे. डोक्यावर शिरस्त्राण, हातात लांबट चेंडू आणि समोरच्याला अंगावर घेऊन पाडणं असा तो खेळ. तो खेळतात विद्यार्थी, बघतात लाखो माणसं, आणि प्रशिक्षकाचा पगार अनेक राज्यांत राज्यपालांच्या कितीतरी पट असतो.

प्राध्यापक प्रशिक्षक

प्रशिक्षकाच्या नोकरीला खरीखुरी शाश्वती होती, असा एक काळ होऊन गेला. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठ उभं राहत असताना त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी येल विद्यापीठातला आपला जुना विद्यार्थी एमोस अलोन्झो स्टॅग याला बोलावून घेतलं. शारीरिक शिक्षणाचा विभाग, वर्षाला २,५०० डॉलर पगार आणि सहयोगी प्राध्यापकाचा कायम हुद्दा, असा तो प्रस्ताव होता. इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला जेवढं संरक्षण, तेवढंच फुटबॉलच्या प्रशिक्षकाला. एखादा हंगाम वाईट गेला म्हणून त्याला काढणं म्हणजे निकाल कमी लागला म्हणून प्राध्यापकाला काढण्यासारखं होतं.

स्टॅग तिथे ४१ हंगाम राहिले. त्यांना घालवलं तेही प्राध्यापकांच्याच नियमाने. वयाची सत्तरी आली आणि १९३२ च्या हंगामानंतर त्यांना निवृत्त व्हावं लागलं. त्यांना ते मानवलं नाही. ते कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेले आणि तिथे आणखी चौदा हंगाम त्यांनी संघ घडवला. इकडे शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये मोठ्या पातळीवरचा फुटबॉलच बंद करून टाकला.

पण तोपर्यंत इतर विद्यापीठांनी वेगळी वाट धरली होती. १९२० च्या दशकात ठिकठिकाणी प्रचंड स्टेडियम उभी राहिली. लिंकनचं मेमोरियल स्टेडियम १९२३ चं. एवढं बांधकाम केल्यावर खुर्च्या भरायला हव्यात, खुर्च्या भरायला जिंकायला हवं, आणि जिंकून देणारा माणूस प्राध्यापकांच्या वेतनश्रेणीत मिळेना. प्रशिक्षक अध्यापकवर्गातून हळूहळू बाहेर पडला. त्याचा पगार वाढला आणि त्याचं संरक्षण गेलं. वाईट हंगामात त्याच्या मागे कोण उभं राहणार, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक विद्यापीठाने आपापल्या परीने सोडवला किंवा सोडून दिला.

डेव्हानी: स्वतःच स्वतःचे साहेब

नेब्रास्का हे मक्याचं आणि गुरांचं राज्य. संघाचं नावच ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा अव्वल दर्जाचा एकही संघ नाही, त्यामुळे सगळं प्रेम आणि सगळा राग विद्यापीठाच्या वाट्याला. दुसऱ्या महायुद्धानंतरची पंधरा वर्षं त्यात रागाचंच प्रमाण जास्त होतं. बिल जेनिंग्ज यांनी १९५९ मध्ये ओक्लाहोमाला हरवून साऱ्या राज्याला नाचवलं, पण पाच वर्षांचा त्यांचा हिशेब १५ विजय, ३४ पराभव आणि एक बरोबरी असा निघाला. १९६१ अखेर ते गेले.

त्या वेळचे कुलगुरू क्लिफर्ड हार्डिन मिशिगन स्टेट विद्यापीठातून आलेले होते. तिथे सहायक प्रशिक्षक म्हणून काम केलेल्या आणि त्या वेळी वायोमिंगचा संघ सांभाळणाऱ्या बॉब डेव्हानी यांना त्यांनी लिंकनला आणलं. डेव्हानी मिशिगनमधल्या सॅगिनॉचे. चौदा वर्षं शाळांमधून प्रशिक्षण केलेला, गोष्टी रंगवून सांगणारा, खेड्यातल्या शेतकऱ्यापासून ओमाहाच्या बँकरपर्यंत कुणाशीही जमवून घेणारा हा माणूस. पहिल्याच हंगामात त्यांनी नऊ सामने जिंकले. ३ नोव्हेंबर १९६२ ला मिझुरीविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली. त्या दिवशी नेब्रास्का हरला, पण ‘हाउसफुल्ल’ची मालिका तिथून सुरू झाली ती आजतागायत चालू आहे आणि तिने चारशेचा आकडा केव्हाच ओलांडलाय. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम लोकसंख्येच्या हिशेबाने राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं.

पुढे १९६७ आणि १९६८ आली. दोन्ही हंगाम ६-४ असे गेले. १९६८ चा शेवट तर ओक्लाहोमाकडून ४७-० असा मार खाऊन झाला. राज्यात कुरबुर सुरू झाली. आजच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी संचालक प्रशिक्षकाला बोलावून घेतो, निदान दोन-तीन सहायकांचे बळी मागतो. पण १९६७ पासून क्रीडा संचालकही डेव्हानीच होते. ज्याच्याकडे तक्रार करायची, तोच आरोपी होता.

डेव्हानींनी माणसं ठेवली आणि डावपेच बदलले. आक्रमणाची नवी रचना तयार करण्याचं काम त्यांनी टॉम ऑस्बर्न या तरुण सहायकाकडे दिलं. ऑस्बर्न नेब्रास्कातल्याच हेस्टिंग्जचे. व्यावसायिक फुटबॉल खेळून परत आलेले आणि शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले. याच ऑस्बर्नना व्यायामशाळेत एक जखमी पोलव्हॉल्टपटू वजनं उचलताना दिसला. त्याचं नाव बॉइड एप्ली. त्या काळी समज असा होता की वजनं उचलली की खेळाडू आखडतो आणि मंदावतो. डेव्हानींनी १९६९ मध्ये एप्लीला कामावर घेतलं, पण एक तंबी देऊन: एकही खेळाडू मंद झाला, तर तुझी नोकरी गेली. कुणी मंद झालं नाही. पुढे अमेरिकेतल्या झाडून साऱ्या विद्यापीठांनी शक्तिप्रशिक्षकाचं पद निर्माण केलं आणि त्या प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९७८ मध्ये एप्लींनी लिंकनमध्येच स्थापन केली.

१९६९ मध्ये पुन्हा नऊ विजय आले. १९७० आणि १९७१ मध्ये नेब्रास्का राष्ट्रीय विजेता ठरला. २५ नोव्हेंबर १९७१ रोजी ओक्लाहोमाच्या मैदानावर ३५-३१ असा जिंकलेला सामना अमेरिकेत अजूनही शतकातला सामना म्हणून सांगतात. दुसऱ्या ६-४ हंगामानंतर ज्याला निरोप मिळाला असता, त्याच माणसाने आणि त्याच्या त्याच सहायकांनी तीन वर्षांत हे करून दाखवलं. नेब्रास्कात संयमाचं पुढे जे कौतुक झालं, त्याचं बीज इथे आहे.

ऑस्बर्नची एकवीस वर्षं

१९७२ च्या हंगामानंतर डेव्हानींनी मैदान सोडलं, कचेरी मात्र सोडली नाही. वारस म्हणून त्यांनी स्वतः ऑस्बर्न यांची निवड केली आणि १९९३ च्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे वीस वर्षं, संचालक म्हणून ते त्यांच्या वर बसून राहिले. या मांडणीतली मेख लक्षात घ्यायला हवी. ऑस्बर्नना काढायचं, तर डेव्हानींना आपली निवड चुकली असं जाहीर करावं लागलं असतं. शिवाय दोन वाईट हंगाम म्हणजे काय असतं, हे डेव्हानींना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या समजूतदारपणाची गरज लवकरच पडली. ऑस्बर्न ज्या वर्षी मुख्य प्रशिक्षक झाले, त्याच १९७३ साली ओक्लाहोमात बॅरी स्विट्झर आले. पहिली पाच वर्षं स्विट्झर यांनी ऑस्बर्नना सलग हरवलं. इतर सगळ्यांना हरवायचं आणि नोव्हेंबरात ओक्लाहोमापुढे मान टाकायची, हा वार्षिक कार्यक्रम झाला. ११ नोव्हेंबर १९७८ ला अखेर १७-१४ असा विजय मिळाला. पण पुढच्याच आठवड्यात मिझुरीने नेब्रास्काला ३५-३१ हरवलं. त्यावर कडी म्हणजे ऑरेंज बाउलच्या संयोजकांनी पुन्हा ओक्लाहोमाशीच गाठ घालून दिली आणि तिथे पराभव झाला. बाउल म्हणजे हंगामानंतर निमंत्रणावरून होणारे मानाचे सामने. त्या डिसेंबरात कोलोरॅडो विद्यापीठाने ऑस्बर्नना बोलावलं. ते पत्नीसह बोल्डरला जाऊन आले, विचार केला आणि नकार दिला. पहिल्या आठ वर्षांत ओक्लाहोमाशी नऊ लढती आणि विजय एक, अशी स्थिती असूनही ते लिंकनलाच राहिले.

२ जानेवारी १९८४ च्या रात्री मायामीत त्यांच्या अपराजित संघाची गाठ मायामी विद्यापीठाशी पडली. शेवटच्या मिनिटात नेब्रास्काने टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, आणि गुणफलक मायामीच्या बाजूने ३१-३० असा झाला. टचडाउननंतर मिळणारी एका गुणाची सोपी किक मारली असती, तर सामना बरोबरीत सुटून राष्ट्रीय विजेतेपद जवळजवळ हातात आलं असतं. ऑस्बर्ननी दोन गुणांसाठी चेंडू फेकायला लावला. प्रतिस्पर्ध्याच्या बोटांना लागून तो पडला आणि विजेतेपद गेलं. या निर्णयासाठी देणगीदारांनी प्रशिक्षकाची कचेरी डोक्यावर घेतली असती, तरी नवल नव्हतं. उलट बरोबरीसाठी खेळला नाही म्हणून त्यांचा मान वाढला.

जानेवारी १९८८ पासून जानेवारी १९९४ पर्यंत त्यांचा संघ लागोपाठ सात बाउल सामने हरला. दर हंगामात नऊ ते अकरा विजय आणि शेवटी मोठ्या व्यासपीठावर पराभव. १९९० च्या पडझडीनंतर त्यांनीही डेव्हानींसारखंच केलं. माणसं ठेवली, बचावाची रचना बदलली आणि १९९१ मध्ये खेळाडूंची स्वतःची एकता समिती नेमली. शिस्तीचे बरेचसे प्रश्न आता खेळाडूच हाताळू लागले.

सहायकांच्या सेवेची वर्षं पाहिली की या व्यवस्थेचा कणा दिसतो. जॉर्ज डार्लिंग्टन १९७३ ते २००२, मिल्ट टेनोपिर १९७४ ते २००२, चार्ली मॅकब्राइड १९७७ ते १९९९. या धंद्यात सहायकाचं बिऱ्हाड सतत पाठीवर असतं. मुख्य प्रशिक्षक गेला की तोही जातो, मुलांच्या शाळा बदलतात, घर विकावं लागतं. लिंकनमध्ये मात्र सहायकांची मुलं एकाच शाळेतून दहावी-बारावीपर्यंत गेली. त्याचा फायदा संघाला थेट मिळत होता. राज्यातल्या लहान गावांतली मुलं शिष्यवृत्ती नसतानाही स्वखर्चाने संघात येत, कारण आज ज्याच्या शब्दावर आलो तो माणूस चार वर्षांनी इथे असेल, याची त्यांना खात्री होती. मक्याच्या शेतातून आलेला अठरा वर्षांचा मुलगा चौथ्या वर्षी अव्वल खेळाडू होई, तो याच सातत्याच्या जोरावर.

१ जानेवारी १९९५ ला मायामीलाच २४-१७ हरवून ऑस्बर्ननी पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तो त्यांचा बाविसावा हंगाम होता. १९९५ मध्ये दुसरं आलं, पण त्याच वर्षी माजी मैत्रिणीला मारहाण केलेल्या लॉरेन्स फिलिप्स या खेळाडूला निलंबनानंतर परत घेतल्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीकाही झाली. नोकरीची इतकी भक्कम शाश्वती असलेला माणूस चुकला, तर त्याला अडवणारंही जवळ कुणी नसतं, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू. १९९७ मध्ये मिशिगनसह तिसरं विजेतेपद वाटून घेऊन ते थांबले: २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. डेव्हानींनी त्यांना निवडलं होतं, तसं त्यांनी सोलिचना निवडलं.

पैसा येतो, संचालक बदलतो

दरम्यान लिंकनबाहेरचं जग पार बदललं होतं. ओहायो स्टेटचे वूडी हेज २८ वर्षं एकेक वर्षाच्या करारावर काम करत राहिले. त्यांची नोकरी गेली ती डिसेंबर १९७८ मध्ये एका बाउल सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडूला ठोसा मारल्यावर. त्यांच्या जागी आलेले अर्ल ब्रूस यांनी सलग सहा हंगाम नऊ-नऊ सामने जिंकले, आणि चाहत्यांनी त्यांना टोपणनावच ‘नऊ-तीन अर्ल’ असं ठेवलं. नोव्हेंबर १९८७ मध्ये मिशिगनविरुद्धच्या सामन्याला आठवडाही उरला नसताना विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्यांना काढायचा आदेश दिला. तो पाळण्याऐवजी क्रीडा संचालक रिक बे यांनी स्वतःचाच राजीनामा दिला. ब्रूस यांचं नाव लिहिलेल्या पट्ट्या डोक्याला बांधून खेळाडू मैदानात उतरले आणि २३-२० असे जिंकले. बे यांच्यासारखा संचालक त्यानंतर फारसा दिसला नाही.

जानेवारी १९८२ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जॅकी शेरिल यांच्याशी सहा वर्षांचा, १७ लाख डॉलरच्या वरचा करार केला, तेव्हा देशभर भुवया उंचावल्या. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची दूरचित्रवाणीवरची मक्तेदारी मोडली. सामने विकण्याचा हक्क विद्यापीठांकडे आणि त्यांच्या गटांकडे आला आणि पैशांचा ओघ सुरू झाला. क्रीडा संचालक हा आतापर्यंत बहुधा निवृत्त प्रशिक्षक असायचा. गाव ओळखणारा, इथेच म्हातारा होणारा. त्या जागी निधी उभारणारा, स्टेडियम वाढवणारा, चार-सहा वर्षांत पुढच्या विद्यापीठाकडे निघणारा व्यवस्थापक आला. त्याच्या कामाचा आलेख ठरणार होता तो त्याने स्वतः आणलेल्या प्रशिक्षकावरून. आधीच्याने आणलेल्या प्रशिक्षकाला वाट पाहण्याची संधी देण्यात त्याचा लाभ नव्हता.

डेव्हानी निवृत्त झाल्यावर आलेले बिल बर्न डिसेंबर २००२ मध्ये टेक्सास ए अँड एमला गेले. पेडरसन आले ते नेमके सोलिच यांच्या सगळ्यात वाईट हंगामानंतर. २००१ मध्ये सोलिच यांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता, पण २००२ चा हंगाम ७-७ असा संपला आणि सलग ३३ वर्षं किमान नऊ विजयांची परंपरा तुटली. तेव्हा सोलिचनी काळाप्रमाणे सहायकांना हात घातला. डार्लिंग्टन आणि टेनोपिर निवृत्त झाले, बचावाचे प्रमुख क्रेग बोल यांना काढलं गेलं आणि बो पेलिनी आले. २००३ मध्ये नऊ विजय आले, पण मिझुरी, टेक्सास आणि कॅन्सस स्टेटकडून मोठे पराभवही झाले. पुढचं आपण पाहिलंच.

पेडरसन यांना नवा माणूस सापडायला जवळपास सहा आठवडे लागले. जानेवारी २००४ मध्ये बिल कॅलाहान आले. ओकलंड रेडर्सना व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यापर्यंत नेऊन पुढच्याच वर्षी तिथून काढले गेलेले. त्यांनी नेब्रास्काची खेळण्याची पिढीजात पद्धत मुळापासून बदलली. पहिल्याच वर्षी टेक्सास टेककडून ७०-१० असा पराभव झाला, हंगाम ५-६ राहिला आणि सलग ३५ वर्षं बाउलला जाण्याचा विक्रम थांबला. तरीही सप्टेंबर २००७ मध्ये त्यांच्या कराराला मुदतवाढ मिळाली. १३ ऑक्टोबरला ओक्लाहोमा स्टेटने त्यांच्या संघाला घरच्या मैदानावर ४५-१४ हरवलं आणि दोन दिवसांत कुलगुरू हार्वी पर्लमन यांनी पेडरसन यांनाच घरी पाठवलं. दरम्यान सहा वर्षं अमेरिकी संसदेत काढलेले आणि २००६ मध्ये राज्यपालपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत हरलेले ऑस्बर्न संचालक म्हणून परतले. नोव्हेंबर अखेर त्यांनी कॅलाहान यांना निरोप दिला. ज्या हातांनी पंचवीस वर्षं कुणाला काढलं नव्हतं, त्यांच्याच वाट्याला हे काम आलं.

काढलेल्यांचं पुढे काय झालं, हेही नोंदवायला हवं. क्रेग बोल नॉर्थ डकोटा स्टेटला गेले आणि तिथे खालच्या विभागाची तीन राष्ट्रीय विजेतेपदं जिंकून २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक संघटनेचे प्रमुख झाले. सोलिच यांनी ओहायो विद्यापीठात सोळा हंगाम काढले, ११५ सामने जिंकले आणि त्या गटाच्या इतिहासात सर्वाधिक विजयांचा विक्रम केला. त्या लहान विद्यापीठाने त्यांना जेवढा वेळ दिला, त्याच्या निम्माही नेब्रास्काने दिला नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये नेब्रास्काने त्यांना सन्मानाने बोलावून घेतलं. मध्ये वीस वर्षं गेली होती.

हकालपट्टीचा दर

कॅलाहान यांच्या जागी ऑस्बर्ननी निवडलेल्या पेलिनींनी सात हंगामांत दर वर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकले. गटाचं विजेतेपद मात्र मिळालं नाही, मोठ्या सामन्यांत दाणादाण उडे आणि त्यांची जीभ कुणाच्या ताब्यात नसे. ऑस्बर्न निवृत्त झाल्यावर आलेल्या शॉन आयकोर्स्ट यांनी ३० नोव्हेंबर २०१४ ला, आयोवावरच्या विजयानंतर दोन दिवसांनी, पेलिनींना काढलं. हिशेब पुन्हा तोच, नऊ-तीन. आयकोर्स्ट यांनी माइक रायली यांना आणलं. सप्टेंबर २०१७ मध्ये आयकोर्स्ट गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या बिल मूस यांनी नोव्हेंबरात रायलींना काढलं.

मूस यांनी मग सगळ्यांच्या मनातला माणूस आणला. स्कॉट फ्रॉस्ट १९९७ च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे सूत्रधार, आणि नेब्रास्कातल्याच वूड रिव्हरचे. सात वर्षांचा, साडेतीन कोटी डॉलरचा करार झाला. ४-८ आणि ५-७ अशा वाटचालीतच २०१९ मध्ये दोन वर्षांची मुदतवाढही मिळाली. या मुदतवाढींचं गणित बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकतं. प्रशिक्षकाला शाळेतल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना आपल्याकडे वळवायचं असतं. आईबाप विचारतात, मुलगा शिकून बाहेर पडेपर्यंत तुम्ही असाल का? करारात चारपेक्षा कमी वर्षं उरली असतील, तर प्रतिस्पर्धी तेच त्या घरी जाऊन सांगतात. म्हणून करार सतत लांबवत न्यायचा. आणि तो जितका लांब, तितकी मुदतीआधी काढल्यास द्यायची रक्कम मोठी. मुलांना धीर देण्यासाठी लिहिलेला कागद अखेर प्रशिक्षकाच्या निरोपाचा खर्च ठरवतो.

फ्रॉस्ट यांना विद्यापीठाने वेळ भरपूर दिला. पण पहिली चारही वर्षं तोट्याची गेली, आणि थोडक्या फरकाच्या सामन्यांत त्यांचा संघ २७ पैकी २२ हरला. माणसं धरून ठेवणं पुरेसं नसतं, हे यातून कळलं. डेव्हानींनी संयमाच्या जोडीला नवे डावपेच आणि एप्लीसारखी माणसं आणली होती. ११ सप्टेंबर २०२२ ला, जॉर्जिया सदर्नसारख्या लहान संघाकडून ४५-४२ हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, नवे संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी फ्रॉस्टना काढलं. द्यावी लागलेली रक्कम दीड कोटी डॉलर. १ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे वीस दिवस, थांबले असते तर ती निम्म्यावर, ७५ लाखांवर येणार होती. वीस दिवसांच्या अधीरतेची किंमत ७५ लाख होती आणि विद्यापीठाने ती देऊन टाकली. त्यानंतर मॅट रूल आले, आठ वर्षांच्या, ७ कोटी ४० लाख डॉलरच्या करारावर.

इतरत्र आकडे याहून फुगले. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर यांना काढलं, तेही आदल्या दिवशी ५१-१० असं जिंकल्यावर. देणं सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर. दुसरीकडे नोकरी मिळाली तरी त्यातून एक पैसा वजा होणार नाही, असं करारात लिहिलेलं होतं. २०१७ मध्ये फिशर यांना तिथे आणणारे स्कॉट वूडवर्ड तोवर लुइझियाना स्टेटला गेले होते. तिथे त्यांनी ब्रायन केली यांना दहा वर्षांच्या करारावर आणलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलं. देणं पुन्हा पाच कोटींच्या वर. या वेळी राज्यपालांनीच जाहीर आक्षेप घेतला आणि त्याच आठवड्यात वूडवर्ड यांनाही जावं लागलं.

नेब्रास्काचा हिशेब एका ओळीत मांडता येतो. सोलिच, कॅलाहान, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट: लागोपाठ पाच प्रशिक्षक काढले गेले आणि पाचांपैकी एकालाही त्याला आणणाऱ्या संचालकाने काढलं नाही. प्रत्येक वेळी काढणारा हात नवा होता. डेव्हानींनंतर १९९३ पासून सात संचालक झाले. १९६२ ते २००३ या ४२ वर्षांत मिळून प्रशिक्षक तीन होते. पेलिनींच्या नऊ विजयांना कमी लेखल्यानंतर २०१७ ते २०२३ असे सलग सात हंगाम नेब्रास्काने जिंकण्यापेक्षा जास्त सामने गमावले. रूल यांना आणणारे अल्बर्ट्स मार्च २०२४ मध्ये, बर्न गेले होते त्याच टेक्सास ए अँड एमला गेले. त्यांच्या जागी आलेले ट्रॉय डॅनन यांनी मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये रूल यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला. दुसऱ्याने आणलेल्या माणसाला नव्या संचालकाने पाठबळ दिल्याचं हे दुर्मीळ उदाहरण आहे. ते किती टिकतं, ते पुढच्या दोन वाईट हंगामांत ठरेल.

कारण खरी परीक्षा तिथेच असते. स्टॅग यांच्याकडे प्राध्यापकाचा हुद्दा होता, ऑस्बर्न यांच्याकडे डेव्हानी होते, आजच्या प्रशिक्षकाकडे वकिलांनी तासून लिहिलेला करार आहे. त्यात हकालपट्टीचा दर पैशापर्यंत नेमका लिहिता येतो. दोन ६-४ हंगामांनंतर डेव्हानींच्या संघाला मिळालेलं तिसरं वर्ष कोणत्या कलमात बसवायचं, हे अजून कुठल्याही वकिलाला साधलेलं नाही.